बाराव्या पायलीला

निजामाच्या कचेरीच्या हिशेबानं खुर्दाद महिन्याची अठरावी, आपल्या हिशेबानं चैत्राची अखेर. सोमवार, ऊन डोक्यावर यायच्या आधी. जागा लातूर, आपल्या अडतीसमोरचं मोकळं मैदान. ज्वारी एक गाडी, एकशे सदुसष्ट पायल्या. हजर तू, मी, बाबूमियाँ आणि माणिक, असे चार मापारी, गादीवर मालक, आणि ज्याची ज्वारी तो औशाकडचा शेतकरी. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.

नागनाथ, एकशे सदुसष्ट हा दुसऱ्या मोजणीचा आकडा आहे. ती मोजणी मी केली. पहिली तुझी होती, आणि ती तू एकशे बाराव्या पायलीला सोडून दिलीस. त्याला अकरा वर्षं झाली. तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला मी नांदेडला जाऊन आलो, आणि अकरा वर्षं मी जे धरून चाललो होतो ते चुकीचं निघालं. म्हणून हे लिहितो आहे. तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. जिवंत होतास तेव्हाही फारशी देत नव्हतास.

आपलं काम बघणाऱ्याला सोपं वाटायचं. शेतकऱ्यानं गाडी रिकामी करून रास घालायची, आपण राशीपाशी उकिडवं बसायचं, पायली भरायची आणि शेजारच्या तरटावर ओतायची. ओतताना मोठ्यानं आकडा म्हणायचा. एक म्हणायचं नाही. पहिल्या पायलीला ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन, असं वीसपर्यंत. बाबूमियाँ लाभच्या जागी ‘बरकत’ म्हणायचे. वीस झाले की एक मूठ धान्य बाजूला ठेवायचं, ती खूण, आणि पुन्हा लाभ. दर विसाला एक ओंजळ मापाऱ्याची. तीच आपली मजुरी आणि तेच आपलं घर.

आकडा फक्त मापाऱ्याच्या तोंडाचा खरा, हा त्या बाजाराचा रिवाज. मध्येच मोजणी विसरली, तर मापलेलं आणि न मापलेलं सगळं पुन्हा एक करायचं आणि पायली दुसऱ्या मापाऱ्याच्या हातात द्यायची. त्या राशीच्या ओंजळीही मग त्याच्याच. म्हणून मापारी मापताना कुणाशी बोलत नसे. माझ्या तोंडात माशी गेली तरी मी आकडा म्हणून मग थुंकायचो.

तू मात्र बोलायचास. सात म्हणायचास, आठ म्हणायचास, मध्येच शेतकऱ्याला विचारायचास, ‘‘काय पाटील, बैल नवा दिसतोय?’’ आणि नऊ म्हणायचास. माझ्या पाच विसा होईपर्यंत तुझ्या आठ व्हायच्या. हे मी अंदाजानं सांगत नाही. एक महिनाभर मी रोज तुझ्या मुठी मोजल्या आहेत. आपली रास संपली की पाणी प्यायला म्हणून मी तुझ्या बाजूनं जायचो आणि तुझ्या तरटाच्या कडेच्या मुठी बघून यायचो. इतकं पाणी मला कधीच लागत नव्हतं.

मला तुझी युक्ती शोधायची होती. आधी वाटलं, तुझी पायली लहान असेल. तू जेवायला बसलास तेव्हा तुझ्या पायलीनं माझी भरून बघितली. बरोबर निघाली, दाणा इकडे की तिकडे नाही. मग वाटलं, हाताची ठेवण असेल. तू डावा गुडघा जमिनीला टेकायचास, म्हणून मीही टेकला. दोन दिवसांत गुडघा सोलून निघाला. तुझी तंबाखू मागून खाल्ली. तू एका श्वासात किती पायल्या ओततोस तेही मोजलं. पाच. मी चारावर यायचो आणि चक्कर यायची.

एकदा तू मला पकडलंस. ‘‘लिंबा, काय बघून राहिलास रं माझ्याकडं?’’

‘‘काही न्हाई. ऊन कुठवर आलं ते बघतोय.’’

‘‘ऊन तिकडं हाय,’’ तू म्हणालास आणि पायलीचा आकडा म्हटलास. मोजणी मोडली नाही. मी पकडला गेलो त्यापेक्षा मला त्या दिवशी याचंच जास्त वाटलं.

हा मत्सर होता का? होता. पण कशाचा होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुझ्या ओंजळींचा म्हणावं, तर तुझ्या घरी खाणारी तोंडं माझ्याइतकीच होती आणि तू कधी चांगलं धोतर नेसलेलं मी पाहिलं नाही. मला वाटतं, शेतकरी थांबायचे त्याचा होता. मी रिकामा बसलेला दिसत असताना ते गाडी तुझ्याकडे लावायचे, बैल सोडायचे आणि वाट बघत बसायचे. ‘‘या की इकडं,’’ मी म्हणायचो. ‘‘राहू द्या, नागनाथाचं हुतंच आलंय,’’ असं म्हणून ते बिडी पेटवायचे. माझं मापही खरंच होतं. मी आयुष्यात कुणाची पायली छाटली नाही. पण खरं असण्यासाठी कुणी बैल सोडून थांबत नाही.

माणिक तोंडाचा मोकळा, तो मनातलं बोलून टाकायचा. ‘‘नागनाथा, जरा दमानं. रास काय उठून चालली न्हाई.’’ नाहीतर, ‘‘ह्याच्या मनगटाला वंगण लावलंय का बघा रं कुणी.’’ तू हसायचास. बाबूमियाँ म्हणायचे, ‘‘करने दो उसे. जवानी है, चार दिन की.’’ तेव्हा तू पस्तिशीचा होतास. तेही हसण्यातच गेलं. हसणारा मत्सर कुणाला नडत नव्हता.

नडला तो मालकांच्या बोलण्यानं. त्या साली सरकारची लेव्हीची धान्यवसुली कडक झाली होती, बाजारात माल कमी यायचा. मालक गादीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘नागनाथ एकटा दोघांचं काम करतो. वैशाखापास्नं दोनच मापारी ठेवावं म्हणतो. चौघं कशाला पोसू?’’

दोन म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. एक तू. दुसरे बाबूमियाँ, कारण त्यांनी मालकांच्या वडिलांपासून माप केलं होतं. राहिलो माणिक आणि मी. माणिकला लोह्याकडे सासऱ्याची शेती होती. माझ्या घरी आंधळे वडील, बायको आणि तीन लेकरं होती, आणि पायलीशिवाय दुसरं काही मला येत नव्हतं. लिहायला मी पुढे शिकलो.

त्या संध्याकाळी आपण दोघं बरोबर घरी निघालो. तो आपला खरा वाद, आणि तो अर्धाच राहिला. मी म्हणालो, ‘‘नागनाथ, तू जरा हळू मापलंस तर काय बिघडंल?’’

तू म्हणालास, ‘‘मी हळू मापलं, तर शेतकऱ्याचे बैल उन्हात उभे राहत्यात.’’

‘‘आन् तू जोरात मापलंस तर आम्ही उन्हात उभे राहू.’’

तू थांबलास. पायातली चप्पल काढून झटकलीस. तिच्यात खडा नव्हता. मी बघत होतो. चप्पल घातलीस आणि चालायला लागलास. वळणावर तू म्हणालास, ‘‘बरं, येतो.’’ हा शुक्रवार होता.

सोमवारी ती औशाची गाडी आली आणि अर्थातच तुझ्याकडे लागली. मी तुझ्या शेजारी बसून माझी पायली घासत होतो. मला गिऱ्हाईक नव्हतं. पाच मुठी बाजूला पडल्या. सहावं वीस सुरू झालं. लाभ, दोन, तीन. तू बारा म्हणालास, आणि मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘सतरा!’’

कुणाला उद्देशून नाही. पायली घासता घासता, जसं काही मी मनातलं मोजत होतो आणि तोंडातून निघून गेलं. खोकल्यासारखं. पण मी ते ठरवून म्हणालो. शनिवारी ठरवलं आणि रविवारभर ठरवलेलंच होतं.

तुझा हात हवेत थांबला. पायली भरलेली होती, काठावरून दाणे गळत होते. तू म्हणालास, ‘‘मोडली.’’

माणिक उभा राहिला. ‘‘काय मोडली?’’

‘‘मोजणी.’’

शेतकरी घाबरला. म्हणाला, ‘‘आवो बारा झालं न्हवं! म्या बी मोजून राहिलो ना मनात. बारा!’’

तू मान हलवलीस आणि गादीकडे वळलास. ‘‘मला न्हाई सांगता येत, मालक. दुसऱ्याला द्या.’’

बाबूमियाँ तरटापाशी आले. ‘‘क्या हुआ रे नागू? तेरी कभी गिनती टूटी?’’ तू पायली राशीत रिकामी केलीस, तरटावरचं सगळं लोटून एक केलंस आणि उठलास. बाजूला बसलेला मापारी मी. मी मापलं. एकशे सदुसष्ट. विसा आठ झाल्या, ओंजळी आठ, त्या मी धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेल्या. बायकोनं विचारलं, ‘‘आज जास्ती?’’ मी म्हणालो, ‘‘गाडी मोठी होती.’’

त्याच आठवड्यात तुझी मोजणी आणखी दोनदा मोडली. बुधवारी आणि शनिवारी. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘हा सारखा पळतो म्हणून चुकतो. ह्याच्या एकट्यावर बाजार सोडता येणार न्हाई.’’ वैशाख आला आणि चौघं राहिलो. पुढच्या सुगीच्या आधी तू घर उचललंस आणि नांदेडला गेलास. जाताना माझ्या घरी येऊन वडिलांच्या पाया पडलास. मी घरात होतो. उंबऱ्यापर्यंत आलो, तुला पाणी दिलं, आणि बोललो ते मोटार किती वाजता सुटते एवढंच.

आता हे ऐक. मी हिशेबाचा माणूस आहे. मालकांनी पुढे मला दिवाणजी केलं ते त्यासाठीच. मोजणी तीनदा मोडली. मी ओरडलो एकदा. बुधवारी मी तुझ्यापासून चार राशी लांब होतो आणि शनिवारी बाजारातच नव्हतो, वडिलांना वैद्याकडे नेलं होतं. तीनातून एक गेला तर दोन उरतात, हे कुणालाही कळतं. मला कळत होतं, पण मी त्याला उत्तर तयार ठेवलं होतं: एकदा भीती बसली की माणूस पुन्हा चुकतो, म्हणजे पुढच्या दोन्हीही माझ्याच. शेतकऱ्यानं तुझ्या तोंडावर बारा सांगितलं, ते मी त्या हिशेबात धरलंच नाही. आणि पुढे गाडीवान सांगायचे, ‘‘नांदेडच्या मोंढ्यात एक मापारी हाय, बोलता बोलता मापतो, चुकत न्हाई,’’ तेव्हा मी विचारायचो, नाव काय? ते नागनाथ सांगायचे. मग मी दुसऱ्या कामाला लागायचो.

अकरा वर्षं मी स्वतःला, ज्यानं नागनाथची मोजणी मोडली तो, असं समजत आलो. लाजही वाटायची. आणि खरं सांगायचं म्हणजे, खूप आत, थोडं मोठंही वाटायचं. तुला कुणीच मोडू शकत नव्हतं आणि मी मोडलं होतं.

तू तापानं गेल्याचं कळलं तेव्हा मी एका पिशवीत आठ ओंजळी ज्वारी घेतली. अहमदपुरावरून मोटार बदलून, लोह्यावरून, तेराव्याच्या दुपारी तुझ्या घरी पोचलो. दारात नांदेडचे दोन मापारी बसले होते. मी लातूरचा, तुझा जुना जोडीदार, असं सांगितल्यावर एकजण म्हणाला, ‘‘माणूस सोन्यासारखा. पण लई पळवलं बघा आमाला.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मेल्यावर तरी नको रं.’’ पहिला म्हणाला, ‘‘खोटं हाय का? दहा वर्षं दम खाऊ दिला न्हाई.’’ मला त्यांच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

तुझ्या घरच्या, गोदावहिनी, आत चुलीपाशी होत्या. मी पिशवी समोर ठेवली आणि जसं झालं तसं सांगितलं. शनिवारी ठरवलं, सोमवारी सतरा म्हणालो, नागनाथची मोजणी मोडली, ओंजळी मी नेल्या.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही सतरा म्हनलात म्हणून मोडली? कोण म्हनलं?’’

‘‘माझ्यासमोर मोडली, वहिनी.’’

‘‘भाऊजी, ते आकडं कुठं मोजत होते? आकडं तोंडानं. मनात घरं.’’

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. तुझ्या गावात वेशीपासून विहिरीपर्यंत एका ओळीत वीस दारं आहेत. लहानपणी तू वेशीतून दूध घालत जायचास. मापताना तू प्रत्येक पायली एकेका दारात ओतायचास. लाभ म्हणजे वेशीतला मारुती. दोन कुंभार, तीन तेली. विसाव्याला विहीर, मग मूठ ठेवायची आणि परत वेशीत. तोंड आकडा म्हणायचं ते लोकांसाठी.

‘‘मीच विचारलं हुतं एकदा,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘म्हनलं, कुणी मधीच बोललं तर? तर म्हनले, आकडा चुकंल, घर कसं चुकंल? तेल्याच्या दारात उभं राहून कुंभाराचं दार वाटंल का कुणाला?’’

मी बोटांवर बारापर्यंत मोजलं. मग विचारलं, ‘‘बारावं घर कुणाचं?’’

‘‘बारावं आमचंच.’’

नागनाथ, महिनाभर मी तुझा गुडघा, तुझा श्वास, तुझी तंबाखू बघितली, आणि तू माझ्यासमोर गावातून फिरत होतास. मी ओरडलो तेव्हा तू तुझ्याच दारात उभा होतास. तिथून तुला हाकलणं माझ्या सतराला शक्यच नव्हतं. मग तू थांबलास का? मी त्याच वेळी ओरडलो, हा योग की तू त्याचीच वाट बघत होतास? मी ओरडलो नसतो तर कुठल्या दारात थांबला असतास? शुक्रवारच्या त्या वळणापासून तू काय ठरवत आणलं होतंस? मला एवढं दिसतं की बुधवार आणि शनिवार मिळून तू मालकांना पुरेसं पटवून दिलंस. एकदा चुकून भागलं नसतं. तू पक्कं काम करणारा होतास, चूकसुद्धा पक्की केलीस.

मी वहिनींना विचारलं, ‘‘इथं नांदेडात कधी मोडली न्हाई त्याची मोजणी?’’

‘‘इथं कशाला मोडंल? इथं मोंढ्यात माल लई. कुणाला काढायचं म्हणून कुणी बोललं न्हाई.’’

‘‘माझ्याबद्दल काही म्हणायचा?’’

‘‘म्हणायचे की. लिंबाचा आवाज लई मोठा, म्हणायचे. आन् हसायचे.’’

म्हणजे तुला माहीत होतं. तू कसा हसायचास ते मी विचारलं नाही. हसण्याचे प्रकार असतात, आणि वहिनींना ते नक्कल करून दाखवा असं म्हणता येत नाही. माझ्या मनात तुझ्या उपकाराची जाणीव आली, आणि तिच्या मागून, आता लपवून काय करू, थोडा रागही आला. तू सगळ्यांत पुढे होतासच. मागे पडण्यातही पुढे गेलास. मला निदान माझा अपराध तरी माझ्या हातचा वाटत होता. मोटारीत बसल्यावर मात्र तो राग टिकला नाही. लोह्याच्या अलीकडे उतारावर कुठेतरी मला माझ्या तीन लेकरांची तेव्हाची वयं आठवली. सात, चार आणि दीड. त्या वैशाखात मला काम राहिलं नसतं तर काय झालं असतं, हे मी मोजू लागलो, आणि ते मला मोजवेना.

आपला वाद राहिलाच. तू खरा होतास, बैल उन्हात उभे राहत होते. मीही खरा होतो. तू त्याला तोंडानं उत्तर दिलं नाहीस. हातानं दिलंस, तेही असं की मला अकरा वर्षं वाचता आलं नाही. आता आमच्या अडतीत एक नवा मापारी आला आहे, झपाट्याचा. बाकीचे त्याच्या मुठी बघायला पाणी प्यायच्या निमित्तानं जातात. मी गादीवरून ते बघतो. मालकांच्या तोंडून काही निघायच्या आधी मीच त्यांना सांगितलं आहे की मापारी आहेत तेवढे लागतात. तो जोरात मापो. कुणी उन्हात जाणार नाही.

हिशेब पुरा करतो. पिशवी मी वहिनींच्या पुढे सारली. त्या म्हणाल्या, ‘‘आठ कुणाच्या ओंजळीनं?’’

‘‘माझ्या.’’

‘‘त्यांचा हात तुमच्यापेक्षा ल्हान हुता. माझ्याएवढाच.’’ आणि त्यांनी परात ओढली, पिशवीतली ज्वारी स्वतःच्या ओंजळीनं परातीत टाकायला लागल्या. आकडा म्हटला नाही. मारुती, कुंभार, तेली, अशी नावं घेत गेल्या. आठव्या दारापाशी थांबल्या. पिशवीत अजून ज्वारी होती. ती त्यांनी तशीच तोंड बांधून माझ्या हातात दिली.

दिलं ते असं: आठ ओंजळी ज्वारी, गोदावहिनींना, त्यांच्याच हाताच्या मापानं. उरली ती सव्वा ओंजळ परत आणली. ती घरच्या ज्वारीत मिसळली नाही, वेगळी ठेवली आहे.